पिंगळाई टेकडीवरचा उलटा बाण

मित्रांनो, मी एक जुना बाण आहे, पण दचकू नका. मला धनुष्य नाही आणि आजवर मी कुणाला लागलेलो नाही. एकदा एका काकांच्या डोक्याला माझा कोपरा लागला होता, पण तिथे ते स्वतः चालत आले होते.

मी पत्र्याचा आहे. हडपसरच्या पुढे वनखात्याची पिंगळाई टेकडी आहे. फाटकातून आत शिरून थोडं चढलं की वाटेला दोन फाटे फुटतात. त्या जागी एक खांब आहे आणि खांबावर मी. अंग पांढरं, त्यावर लाल बाण, बाणाखाली ‘फेरी मार्ग’ अशी अक्षरं. ही वाट देवीच्या देवळाला लांबून वळसा घालते आणि परत माझ्यापाशीच येते. म्हणजे माणूस इथून निघतो, घाम गाळतो आणि होता तिथेच येऊन पोचतो. याला पुण्यात आरोग्य म्हणतात.

माझा जन्म एका रसवंतीत झाला. हडपसरच्या रस्त्याकडेला उसाच्या रसाचं दुकान होतं आणि त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक पाटी होती. ती पाटी म्हणजे माझं एकत्र कुटुंब. रस्ता रुंद झाला, दुकान मागे सरकता सरकता नाहीसंच झालं आणि पाटी आप्पासाहेबांच्या गोठ्यामागे येऊन पडली. आप्पासाहेब टेकडीखालच्या जुन्या गावचे. त्यांच्या शेतात आता इमारती उगवल्या आहेत, गोठ्यात म्हशींऐवजी गाड्या असतात, पण टेकडीबद्दल ते अजून घरच्या माणसासारखं बोलतात. टेकडी मंडळ त्यांनीच काढलं. नवीन माणसं चुकू नयेत म्हणून वाटेवर बाण लावायचे ठरले, तेव्हा ते फाटकावरच्या संपतला म्हणाले, “इकत कशाला आणायचं? पत्रा हाय की पडलेला.”

संपतने पाटीचे तुकडे केले, पुढून पांढरे रंगवले आणि लाल बाण काढले. माझा बाण त्याने फार मन लावून काढला, तरी तो जरा बोंबिलासारखाच दिसतो. मागच्या बाजूला रंग द्यायचं काम त्याने सोडून दिलं.

“मागनं कोण बघतंय?” संपत म्हणाला.

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. मोठमोठी संकटं अशाच साध्या वाक्यांतून येतात.

खरं तर त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वाट एकेरी होती. माझ्यापासून उजवीकडे जायचं आणि फेरी घालून डावीकडून परत यायचं. त्या दिशेने चालणाऱ्याला प्रत्येक बाणाचं तोंड दिसायचं. उलट दिशेने कुणी आलाच, तर त्याला दिसणार आमच्या पाठी, आणि पाठींवर रसवंतीची जुनी जाहिरात. एका भावाच्या पाठीवर ‘थंडगार’. दुसऱ्याच्या पाठीवर ‘उसाचा’. तिसऱ्याच्या पाठीवर ‘रस’. आणि माझ्या पाठीवर ‘मिळेल’. फेरी संपवून खाली येणारे लोक ती वाचायचे आणि एकमेकांना विचारायचे, “काय मिळेल?” उत्तर कुणाकडेच नसायचं. तरी माणसं जरा खुशीत घरी जायची.

आम्हाला प्रत्येकी दोन बोल्ट लावायचे होते. मला एकच लागला, तोही बरोबर पोटात. दुसरा देवळाच्या घंटेला गेला, कारण देवी आधी. एका बोल्टवर माझं बरं चाललं होतं. फक्त कुणी जोर लावला, तर मी गरकन फिरू शकत होतो. माणसांच्या अंगातही अशी एखादी जागा असते म्हणतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. माझ्या डावीकडच्या वाटेने थोडं गेलं की एक जुना फाटा लागतो. तो बंद पडलेल्या दगडाच्या खाणीवर जातो. उजवीकडून फेरी घालत येणाऱ्याला तो जाणवतही नाही, कारण तो मागून येऊन वाटेला मिळतो. पण डावीकडून निघालेल्याला तो बरोबर समोर दिसतो. रुंद, सपाट, ‘या, बसा’ म्हणणारा. खरी वाट मात्र तिथे घाणेरीच्या झुडपात शिरते आणि बिचारी वाटतच नाही. खाणीच्या काठाला कठडा नाही. सुटी खडी आहे, आणि खाली खोल हिरवं पाणी.

म्हणून उजवीकडून जायचं. हे कारण माझ्यावर लिहायला हवं होतं. पण आप्पासाहेबांचा स्वभाव असा, की कारण सांगणं म्हणजे त्यांना परवानगी मागितल्यासारखं वाटतं.

सुरुवातीचे दिवस मानाचे होते. लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढायचे. मुलं माझ्या खांबाला हात लावून शर्यत सुरू करायची. मग हळूहळू सवय झाली. रोज येणारे माझ्याकडे न बघता जाऊ लागले. माझ्या कडांना गंज चढला. कुणीतरी माझ्या कपाळावर ‘मुलांसाठी खोली भाड्याने’ असा कागद चिकटवला. पुढच्या आठवड्यात दोन मुलगे खरंच खोली बघायला आले होते.

मग अनंतराव आले.

अनंतराव पेठेतलं घर सोडून हडपसरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. ते नोकरीतून निवृत्त झाले होते, मतांमधून नाही. पहिले काही महिने ते मुकाट्याने उजवीकडून फेरी घालत होते. एका सकाळी मात्र ते माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, “आप्पासाहेब, एक विचारू? देवी मध्ये. आपण जातो उजवीकडून. म्हणजे देवी आपल्या डाव्या हाताला. अहो, ही उलटी प्रदक्षिणा झाली.”

“परदक्षिणा देवळात घालायची. हे चालणं हाय.”

“देवीला कसं कळणार आपण काय घालतोय ते?”

“आमची देवी हाय ती. तिला समदं कळतं.”

“मग आपण चुकतोय हेही तिला कळत असेल.”

“उजवीकडनंच जायचं. ठरलंय.”

“पण का?”

“ठरलंय म्हणून.”

अनंतरावांनी चष्मा पुसला. “उत्तम. खुलासा आवडला,” ते म्हणाले.

खाणीचं नाव कुणी काढलं नाही. एकाने ते सांगितलं नाही, दुसऱ्याला ते कुणी सांगेल असं वाटलं नाही. फेरीला सगळ्यांबरोबर गप्पा मारत येताना अनंतरावांना तो फाटा कधी दिसलाही नव्हता.

पुढच्या रविवारी अनंतराव एकटे आले, जरा लवकर. त्यांच्या पिशवीत नॅपकिन होता, भिजवलेले बदाम होते आणि एक पाना होता. मित्रांनो, चालायला येताना जो माणूस पाना घेऊन येतो, तो निर्णय घरीच घेऊन आलेला असतो. त्यांनी माझा बोल्ट सैल केला, मला धरून अर्धा फिरवला आणि बोल्ट पुन्हा आवळला.

“आता शास्त्राप्रमाणे झालं,” ते म्हणाले आणि डावीकडे निघून गेले. पुढच्या फाट्यावर ते पायांच्या सवयीने झुडपातल्या खऱ्या वाटेला लागले आणि ठणठणीत परत आले. त्यांना काहीच झालं नाही, हेच वाईट झालं.

मी मात्र डोक्यावर उभा होतो. आपली अक्षरं एरवी रेघेला लटकलेली असतात. त्या दिवशी माझी अक्षरं रेघेवर पाय वर करून उभी होती. आणि उजवीकडचं माझं टोक डावीकडे गेलं होतं.

ही गोष्ट दिवसभरात सगळ्यांच्या लक्षात आली. फक्त अर्धी. अक्षरं उलटी आहेत हे प्रत्येकाला दिसलं. बाण उलटा झालाय हे एकालाही दिसलं नाही.

“सरकारी काम. यापेक्षा वेगळं काय होणार,” एक गृहस्थ म्हणाले. मी सरकारी नाही, पण माझं कोण ऐकतं?

“ब्रो, हे शीर्षासन करतंय,” एक कॉलेजचा मुलगा म्हणाला.

“पाटी लावणाऱ्याला उलटं टांगलं पाहिजे, म्हणजे त्याला नीट वाचता येईल,” एक काकू म्हणाल्या.

सगळ्यांनी फोटो काढले. त्या दिवशी माझे इतके फोटो निघाले की मला वाटलं माझं लग्न आहे. हात मात्र कुणी लावला नाही. पुण्यात चूक दाखवणारा माणूस ती दुरुस्त करणाऱ्यापेक्षा नेहमी एक पायरी वर उभा असतो.

सकाळी धोका नव्हता. गर्दी असते, नवखा माणूस पुढच्याची पाठ धरून जातो. मला काळजी होती ती संध्याकाळची, जेव्हा कुणाची पाठ नसते आणि असतो तो फक्त बाण.

उन्हं कलायला लागली तेव्हा खराडीहून तिघं आली. ऋषी आणि निशा, नवरा-बायको, दोघंही तिथल्या आयटी पार्कमध्ये कामाला, आणि साताऱ्याहून चार दिवस राहायला आलेल्या निशाच्या आई, सुशीलाबाई. आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलेलं. मला ती आधी दिसली नाहीत, फक्त ऐकू आली. बुटांची घाई, आणि मागून चपलांचा संथ आवाज. फट फट. फट फट.

“आई, शूज आणले होते ना तुझ्यासाठी,” निशा म्हणत होती.

“शूजमध्ये पाय कोंडल्यासारखे होतात. आणि मी काय पळायला आलेय? तुम्ही व्हा पुढे, मी जरा या दगडावर टेकते.”

ऋषी आणि निशा माझ्यापाशी आली. ऋषीच्या हातात फोन होता, फोनमध्ये नकाशा होता, नकाशात निळी रेघ होती. “राइट घ्यायचा. वर मंदिर, मंदिरावरून सनसेट. सनसेट मिस नको व्हायला,” तो म्हणाला. त्याने माझ्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही.

निशाने पाहिलं. हसली आणि फोटो काढला. “हे बघ ना, पाटीच उलटी. स्टेटसला टाकते.”

मग ती खाली वळून म्हणाली, “आई, आम्ही होतो पुढे. तू सावकाश ये. बाण बघत ये, बाण आहेत सगळीकडे. देवळात थांबतो.”

“बरं,” खालून आवाज आला.

आणि दोघं उजवीकडे गेली. सुशीलाबाईंची पाण्याची बाटली आणि फोन, दोन्ही ऋषीच्या सॅकमध्ये उजवीकडे गेले.

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. मला हात नाहीत. पाय एक, तोही जमिनीत. खालून ती फट फट जवळ येत होती. वाऱ्याने मला फिरवावं म्हणून मी वाट बघितली, पण वारा पडला होता. शिवाय अनंतरावांनी बोल्ट आवळला होता, आणि ते कुठलंही काम अर्धवट करत नाहीत. माझ्यावर एक कावळा येऊन बसला. मी त्याला मनातल्या मनात विनंती केली. तो माझ्या अंगावर जे करायचं ते करून उडून गेला.

सुशीलाबाई समोर आल्या. पदराने घाम पुसला. मान तिरकी करून त्यांनी मला वाचलं.

“उलटं लावलंय,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “पण अक्षर बरं आहे.”

मग माझं टोक बघितलं आणि डावीकडे निघाल्या. माझ्या आयुष्यात इतक्या विश्वासाने माझं कुणी ऐकलं नव्हतं. नेमकं त्याच दिवशी मी खोटं बोलत होतो.

फट फट. फट फट. आवाज लांब गेला. मग बारीक झाला. मग आलाच नाही.

थोड्या वेळाने खालून संपत आला. सूर्य मावळला की फाटक बंद होतं, त्याआधी तो एक चक्कर मारतो. माझ्यासमोर येऊन तो थबकला.

“आयला. हे कुणाचं डोकं चाललं म्हणायचं?”

त्याने खिशातला पाना काढला, बोल्ट ढिला केला, मला सरळ केलं, बोल्ट आवळला. बाहीने कावळ्याचं काम पुसलं. दोन पावलं मागे जाऊन मान हलवली.

सबंध दिवसात फक्त त्याने, एकट्याने, योग्य ती गोष्ट केली होती. आणि नेमकी चुकीच्या वेळी. कारण सुशीलाबाई कुठे गेल्या हे सांगणारी एकच खूण त्या टेकडीवर शिल्लक होती, ती म्हणजे माझं वाकडं टोक. संपतने ती खूण पुसली होती.

मग उजवीकडून धावत येणारे बूट ऐकू आले.

“आई इथे आहे का? वर आलीच नाही ती,” निशाला धाप लागली होती.

“कोण आई?” संपतने विचारलं.

“साडी, चष्मा, चपला. एकट्याच होत्या,” ऋषी म्हणाला.

“फाटकातनं भाईर कोण गेलं न्हाई. म्हंजी वरच हायत.”

“अहो, आम्ही वरूनच आलो. याच वाटेने. कुठेच नाहीये ती,” निशा म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. सरळ, पुसलेला, उजवीकडे टोक केलेला मी. “मी तिला म्हटलं होतं बाण बघत ये. ती बाण सोडून एक पाऊल टाकणार नाही. म्हणजे इकडेच गेली असणार.”

“मग आपल्याला क्रॉस कशी नाही झाली?” ऋषी म्हणाला.

याचं उत्तर कुणाला देता येईना, आणि उत्तर नसलं की माणसाच्या डोक्यात वाईट उत्तरं येतात. निशाने आईला फोन लावला. ऋषीच्या पाठीवरच्या सॅकमध्ये तो वाजला. दोघं ती रिंग संपेपर्यंत तशीच उभी होती.

संपतने आप्पासाहेबांना बोलावलं. ते बॅटऱ्या घेऊन आले. पायथ्याच्या बाकावर त्यांच्याबरोबर अनंतराव बसले होते, म्हणून तेही आले. आभाळ आता राखेसारखं झालं होतं.

आप्पासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. “उजव्या अंगाला वढा हाय,” ते म्हणाले. “पाय घसरून खाली गेल्या असतील. चला, वढ्याकडनं बघू. संपत, तू वरनं ये.”

सगळे उजवीकडे वळले.

अनंतराव वळले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. सकाळी त्यांनी मला उलटा केला होता आणि आता मी सरळ होतो. कुणी सरळ केला, कधी केला, त्यांना माहीत नव्हतं. कदाचित सकाळीच कुणी केला असेल. कदाचित या बाईंचा आणि त्या पान्याचा काही संबंधच नसेल. गप्प बसायला ही कारणं पुरेशी होती, आणि समोर आप्पासाहेब होते. आप्पासाहेबांपुढे चूक कबूल करण्यापेक्षा अनंतरावांनी ओढा पोहून पार केला असता.

“आप्पासाहेब,” ते म्हणाले. “थांबा.”

“आता काय?”

“सकाळी ही पाटी मी फिरवली होती. डावीकडे. प्रदक्षिणेसाठी.”

 मग संपत म्हणाला, “ती म्या सरळ केली. आत्ता, घटकाभर झाली आसंल.”

निशाने फोन उघडला. मघाचा फोटो निघाला. तिने तो डोळ्यांजवळ धरला. हसण्यासारख्या अक्षरांच्या खाली, डावीकडे, माझं टोक होतं.

“खाण,” आप्पासाहेब एवढंच म्हणाले.

“कुठली खाण?” अनंतरावांनी विचारलं.

त्यांना उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही. आप्पासाहेब, संपत आणि ऋषी डावीकडे पळत सुटले होते. कारण जेव्हा सांगायला हवं होतं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायला वेळ नव्हता. अनंतराव त्यांच्या मागोमाग धावले. त्या वयात ते असे धावतात हे बघून मला आणखी भीती वाटली.

“पोरी, तू हितंच थांब,” आप्पासाहेब लांबून म्हणाले. “परतल्या तर त्या हितंच येणार.”

निशा माझ्या खांबाला टेकून बसली, मागच्या बाजूला. तिने बॅटरी पेटवली, इकडे फिरवली, तिकडे फिरवली. एकदा प्रकाश वर आला आणि माझ्या पाठीवर पडला.

“मिळेल,” तिने वाचलं.

त्यावर ती हसली नाही, की काय मिळेल म्हणून तिने विचारलंही नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, “मिळेल.” मग तिने बॅटरी माझ्या पाठीवरच धरून ठेवली, जणू प्रकाश हलला तर ते अक्षर पुसलं जाईल.

डावीकडून हाका ऐकू येत होत्या. संपतची हाक, मग ऋषीची. “आईऽ.” मग काहीच नाही. मग दगड घरंगळल्याचा आवाज आला आणि कितीतरी वेळाने, खोल खाली, डुबुक. निशा उठून उभी राहिली. तिचा हात माझ्या कडेला होता. माझी कड गंजलेली आणि धारदार आहे, पण तिने ती सोडली नाही.

 टिटवी ओरडत गेली.

मग मला ऐकू आलं. निशाच्या आधी मला. कारण तो आवाज मी मघापासून कानात धरून ठेवला होता, मला कान नसले तरी.

फट. मग काही नाही. फट. मग काही नाही.

झुडपांतून आधी बॅटऱ्या आल्या. मग ऋषी, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून सुशीलाबाई. एका पायात चप्पल होती आणि दुसऱ्यात मोठा, पांढरा, पुरुषी कॅनव्हासचा बूट. सगळ्यात मागून अनंतराव येत होते, एक पाय बुटात, एक मोज्यात. खडीवर मोजा टेकवताना ते तोंडातून आवाज काढत नव्हते.

निशाने आईला मिठी मारली. 

“तिकडे का गेलीस पण?” मग निशा म्हणाली.

“‘बाण बघत ये’ म्हणालीस. बघत गेले.”

निशाने मान खाली घातली.

“पुढे बाण संपले,” सुशीलाबाई म्हणाल्या, “आणि दुसऱ्याच पाट्या सुरू झाल्या. ‘थंडगार’. मग ‘उसाचा’. मग ‘रस’. तहान लागली होती, पाणी यांच्या पिशवीत. म्हटलं चला, गुऱ्हाळ दिसतंय पुढे. पुढे रस्ताही चांगला रुंद होता.”

“आई, टेकडीवर उसाचा रस?” ऋषी म्हणाला.

“जावईबापू, तुमच्या पुण्यात काय कुठे मिळेल याचा नेम आहे का? काल तुम्ही केस कापायच्या दुकानातून इडली आणलीत.”

संपतने तोंड फिरवलं. त्याला पाठी आठवत असणार.

“मग एकदम रस्ताच संपला. पाय सरकला आणि चप्पल गेली खाली. ती पाण्यात पडल्याचा आवाज कितीतरी वेळाने आला. मग कळलं की पुढे काही नाही.”  त्यांनी निशाचा खांदा घट्ट धरला. “मग तिथेच बसले. शाळेत मुलांना सांगायचे, वाट चुकली की हिंडायचं नाही, आहे तिथे बसायचं. ह्यांची बॅटरी दिसली, उठायला गेले, तर शेजारचा दगडच निसटला. ह्यांनी हात धरला.”

त्यांनी बोट अनंतरावांकडे केलं होतं.

“चूक माझीच होती,” अनंतराव म्हणाले. “पाटी मी फिरवली.”

सुशीलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मोज्याकडे, मग माझ्याकडे. “फिरवायची ती फिरवलीत. निदान अक्षरं तरी सुलट लिहायची होतीत. इतका वेळ मान वाकडी करून वाचली मी.”

“हो,” अनंतराव म्हणाले. एवढ्या छोट्या उत्तरावर पेठेतला माणूस क्वचितच थांबतो.

आप्पासाहेब खाकरले. “चूक निम्मी माझी. खाण हाय म्हणून आधीच सांगाया पायजे हुतं.”

“सांगितलं असतंत तरी मी वाद घातला असता,” अनंतराव म्हणाले.

“घाला की. पर खाणीचा.”

दुसऱ्या दिवशी मला दुसरा बोल्ट मिळाला. खाणीच्या फाट्यावर संपतने काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं. माझ्या सगळ्या भावांच्या पाठी पांढऱ्या झाल्या आणि त्यांच्यावर ‘इकडून येऊ नये. पुढे खाण’ असं आलं. संपत डबा घेऊन माझ्या पाठीपर्यंत पोचला, तेव्हा निशा मुद्दाम खराडीहून आली होती. ती म्हणाली, “एवढी राहू द्या.” म्हणून माझी पाठ अजून जुनीच आहे. आप्पासाहेब आता भेटेल त्या नव्या माणसाला उजवीकडून का जायचं याचं कारण सांगतात, इतकं सविस्तर की माणूस सनसेट चुकवतो. अनंतरावांनी माझ्याखाली स्वतःच्या हाताने एक छोटी पाटी लावली: ‘प्रदक्षिणा देवळात घालावी. येथे बाण पाळावा. बाण फिरवल्यास कुणाची तरी आई जाते.’ लोक तिचेही फोटो काढतात.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. तुमच्या वाटेत उलटी पाटी दिसली, तर हसा, फोटोही काढा. पण मग तिला हात लावून सरळ करा. आणि सरळ केल्यावर लगेच निघून जाऊ नका. ती उलटी असताना तिचं ऐकून कुणी गेलं असेल, त्याच्यासाठी त्या दिशेला एक हाक मारा. आणि कुणाला ‘बाण बघत ये’ असं सांगाल, तेव्हा बाण आधी स्वतः बघा.

मागच्या रविवारी सुशीलाबाई पुन्हा आल्या. त्यांनी आधी माझे दोन्ही बोल्ट बोटांनी हलवून बघितले. मग माझं टोक बघितलं. मग मागे वळून निशाकडे बघितलं. पाणी आणि फोन या वेळी निशाच्या हातात होते, आणि ती पुढे नव्हती, मागे होती.

“चल,” सुशीलाबाई म्हणाल्या.

मी उजवीकडे टोक करून उभा होतो. दोघी उजवीकडेच गेल्या. फट फट. फट फट. दोन्ही चपला.